शेवटचे दार कुणासाठी?

२०२५ च्या मार्च महिन्यात अमेरिकेतील शार्लट शहरी अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्सची पुरुषांची बास्केटबॉल अजिंक्यपद स्पर्धा भरली, तेव्हा एक चमत्कारिक दृश्य पाहावयास मिळाले. आदल्या वर्षीचा विजेता, म्हणजे नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठाचा संघ, आपले विजेतेपद राखण्यासाठी तेथे उपस्थितच नव्हता. त्याच्यावर कोणत्याही गैरवर्तनाचा ठपका नव्हता. हंगामात तो अठरा संघांत सोळावा राहिला आणि नव्या नियमानुसार शेवटच्या तीन संघांना स्पर्धेचे दार बंद झाले होते. गतविजेत्याला मैदानाबाहेर ठेवून सुरू होणाऱ्या स्पर्धेत नेमके काय हरवले, याचा विचार करणे उद्‌बोधक ठरेल. कारण हा प्रश्न केवळ एका खेळाचा नाही. न्याय आणि संधी या दोन गोष्टींचा मेळ कसा घालावा, हा तो प्रश्न आहे.

आपल्याकडे आंतरविद्यापीठ स्पर्धांसाठी जसे विभाग पाडलेले असतात, तशीच काहीशी व्यवस्था अमेरिकेत आहे. मात्र तेथील कॉन्फरन्स म्हणजे विद्यापीठांनी आपखुषीने स्थापन केलेला गट. गटातील संघ हंगामभर आपसांत खेळतात आणि हंगामाच्या अखेरीस बहुतेक गट एक बाद पद्धतीची स्पर्धा भरवतात. त्या स्पर्धेतील विजेत्याला राष्ट्रीय अजिंक्यपदाच्या स्पर्धेत आपोआप प्रवेश मिळतो. हंगामात वीस सामने हरलेला संघही या चार-पाच दिवसांत अजिंक्य राहिला, तर देशातील श्रेष्ठ संघांच्या पंक्तीला जाऊन बसतो. अपयशी ठरलेल्यांसाठी उघडे ठेवलेले असे हे शेवटचे दार आहे.

अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्स स्थापन झाली १९५३ साली आणि तिची पहिली स्पर्धा १९५४ साली रॅली येथे झाली. त्या काळी राष्ट्रीय स्पर्धेत प्रत्येक कॉन्फरन्सला एकच जागा मिळे. बहुतेक कॉन्फरन्स ती जागा हंगामात पहिल्या आलेल्या संघास देत. येथे मात्र ती जागा स्पर्धेच्या विजेत्याला देण्याचे ठरले. परिणाम असा झाला, की तीन महिन्यांचे सारे यश तीन दिवसांच्या तराजूत तोलले जाऊ लागले. १९५७ साली नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाचा अपराजित संघ उपान्त्य सामन्यात वेक फॉरेस्टविरुद्ध ६१-५९ असा जेमतेम तरला. पुढे तो संघ बत्तीसच्या बत्तीस सामने जिंकून राष्ट्रविजेता झाला. त्या दिवशी एखादी बास्केट हुकती, तर तो इतिहास घडलाच नसता.

अशा व्यवस्थेची गोडी प्रेक्षकांना लागली नसती, तरच नवल. नॉर्थ कॅरोलायना राज्यात तर स्पर्धेच्या शुक्रवारी शिक्षकांनी वर्गात दूरचित्रवाणी संच आणून ठेवावा आणि मुलांनी गणिताऐवजी सामना पाहावा, असा प्रघातच पडला. चार विद्यापीठे एकाच राज्यातली, एकमेकांपासून मोटारीने दोन-अडीच तासांच्या आतली. एकाच कचेरीत, एकाच चर्चमध्ये, कधी एकाच घरात दोन पक्ष. त्यामुळे विजयाचा आनंद आणि पराभवाचे शल्य ही दोन्ही उंबरठ्याच्या आतली होती.

परंतु सर्वांना खुले म्हणविणारे हे दार खरोखर सर्वांना खुले नव्हते, हेही नमूद केले पाहिजे. पहिली सुमारे दहा वर्षे या कॉन्फरन्समध्ये एकही कृष्णवर्णीय बास्केटपटू नव्हता. संघ कितीही दुर्बळ असला, तरी त्याला स्पर्धेत स्थान होते. खेळाडू कितीही गुणी असला, तरी त्याच्या कातडीचा रंग आड येत होता. १९६९ साली, याच शार्लट शहरात, चार्ली स्कॉट या कृष्णवर्णीय तरुणाने ड्यूक विद्यापीठाविरुद्धच्या अंतिम सामन्यात ४० गुण मिळवून नॉर्थ कॅरोलायनाला विजेतेपद मिळवून दिले. दार किती उघडे आहे, हे आत असलेल्यांना विचारून कळत नाही. बाहेर उभ्या असलेल्यांनाच ते ठाऊक असते.

बाद पद्धतीचा दुसरा दोष १९७० साली उघड झाला. साउथ कॅरोलायना विद्यापीठाच्या संघाने हंगामात कॉन्फरन्समधील चौदाही सामने जिंकले होते. स्पर्धेच्या अंतिम सामन्यात मात्र नॉर्थ कॅरोलायना स्टेटने त्यांना दोनदा जादा वेळ खेळून ४२-३९ असे हरविले. एका पराभवाने चौदा विजय पुसून टाकले. दैवाची क्रूर थट्टा अशी, की त्या वर्षी राष्ट्रीय स्पर्धेची पूर्व विभागाची फेरी साउथ कॅरोलायनाच्याच क्रीडागारात व्हावयाची होती. यजमानांचे घर, यजमानांचे मैदान आणि यजमान तेवढे बाहेर! पुढच्याच वर्षी, १९७१ साली, या विद्यापीठाने कॉन्फरन्सच सोडली. सोडण्यामागे इतरही कारणे होती; तथापि ही जखम विसरली गेली असेल, असे मानणे कठीण आहे.

या व्यवस्थेचा कळस झाला ९ मार्च १९७४ रोजी ग्रीन्सबरो येथे. नॉर्थ कॅरोलायना स्टेट हा देशातील पहिल्या क्रमांकाचा संघ, तर मेरिलँड चौथ्या क्रमांकाचा. एकाकडे डेव्हिड थॉम्पसन आणि सव्वासात फूट उंचीचा टॉम बर्लसन, तर दुसऱ्याकडे लेन एल्मोर, टॉम मॅकमिलन आणि जॉन ल्यूकस. फेकीला कालमर्यादा घालणारे घड्याळ तेव्हा नव्हते आणि तीन गुणांची फेकही नव्हती. तरीही सामना जादा वेळेत १०३-१०० असा संपला. बर्लसनने एकट्याने ३८ गुण केले. महाविद्यालयीन बास्केटबॉलमधील सर्वोत्तम सामन्यांत त्याची आजही गणना होते. सामना संपल्यावर मेरिलँडचे प्रशिक्षक लेफ्टी ड्रिझेल विजेत्यांच्या बसमध्ये चढले आणि त्यांनी प्रतिस्पर्ध्यांचे अभिनंदन केले. विजेता संघ पुढे राष्ट्रविजेता झाला आणि लागोपाठ सात वर्षे चाललेली लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाची सद्दी त्याने संपविली. मेरिलँडचा हंगाम मात्र त्या रात्रीच संपला. देशातील चौथ्या क्रमांकाच्या संघाला देशाच्या स्पर्धेत स्थान नव्हते.

हा अन्याय इतका ढळढळीत होता, की त्याकडे डोळेझाक करणे नियामकांनाही शक्य झाले नाही. १९७५ साली राष्ट्रीय स्पर्धेतील संघांची संख्या २५ वरून ३२ करण्यात आली आणि एका कॉन्फरन्समधील दुसऱ्या संघालाही प्रवेश मिळू लागला. १९८५ साली ही संख्या ६४ झाली आणि २०११ साली ६८. ही सुधारणा योग्य होती, याबद्दल दुमत होण्याचे कारण नाही. केवळ आपल्या गटात अधिक बलाढ्य संघ आहे एवढ्यासाठी एखाद्या गुणी संघाला शिक्षा व्हावी, हे कोणत्याही न्यायबुद्धीला पटणारे नाही.

मात्र या सुधारणेचा लाभ कुणाला झाला, हे पाहिले म्हणजे चित्र पालटते. जादा जागा मिळतात त्या मुख्यतः बड्या, धनिक कॉन्फरन्समधील संघांना. लहान कॉन्फरन्सच्या वाट्याला बहुधा आजही एकच जागा येते. २०१८ साली अमेरिका ईस्ट कॉन्फरन्समध्ये व्हरमाँटचा संघ हंगामात पहिला आला होता. अंतिम सामन्यात, त्याच्याच मैदानावर, मेरिलँड विद्यापीठाच्या बाल्टिमोर काउंटी संस्थेने शेवटच्या क्षणी केलेल्या तीन गुणांच्या फेकीने त्याला ६५-६२ असे हरविले. व्हरमाँट बाहेर राहिला. १९७४ साली मेरिलँडने जे भोगले, तेच. पण त्याच दारातून आत शिरलेल्या बाल्टिमोर काउंटीच्या संघाने पुढच्या आठवड्यात सर्वोच्च मानांकित व्हर्जिनियाला ७४-५४ असे लोळविले. सोळाव्या मानांकनाच्या संघाने पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत पहिल्या मानांकिताला हरविण्याची ती पहिलीच वेळ होती. आणि व्हर्जिनिया कोण? तर त्याच वर्षीचा अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्सचा विजेता!

बड्या कॉन्फरन्समध्ये स्पर्धेचा अर्थ असा हळूहळू बदलत गेला. बलवंतांसाठी ती रंगीत तालीम झाली. कारण हरले तरी त्यांची राष्ट्रीय स्पर्धेतील जागा पक्की असते. स्पर्धेत अजून प्राण ज्यांच्यासाठी उरला, ते संघ म्हणजे हंगामात मागे पडलेले. १९८३ साली जिम व्हॅल्व्हानो यांच्या नॉर्थ कॅरोलायना स्टेट संघाने दहा पराभव पदरी घेऊन या स्पर्धेत पाऊल ठेवले. त्याने कॉन्फरन्सचे विजेतेपद मिळविले आणि पुढे राष्ट्रविजेतेपदही जिंकले. २०२४ साली याच विद्यापीठाचा संघ १७ विजय आणि १४ पराभव अशा स्थितीत, दहाव्या मानांकनाने, वॉशिंग्टन येथे आला. पाच दिवसांत पाच सामने त्याने जिंकले. उपान्त्य सामन्यात व्हर्जिनियाविरुद्ध वेळ संपता संपता मायकेल ओ'कॉनेलने केलेली तीन गुणांची फेक जाळीत पडली नसती, तर सारे तेथेच संपले असते. अंतिम सामन्यात नॉर्थ कॅरोलायनाला ८४-७६ असे हरवून, १९८७ नंतर प्रथमच, त्याने चषक उचलला. पुढे हा संघ देशातील शेवटच्या चार संघांपर्यंत पोहोचला.

आणि त्यानंतर अवघ्या एका वर्षात याच संघापुढे दार लागले. मेरिलँडने २०१४ सालीच ही कॉन्फरन्स सोडली होती. २०२४ साली कॅलिफोर्निया, स्टॅनफर्ड आणि डॅलसचे सदर्न मेथडिस्ट ही विद्यापीठे तिच्यात दाखल झाली. पॅसिफिक महासागराच्या काठचे स्टॅनफर्ड अटलांटिक किनाऱ्याच्या कॉन्फरन्समध्ये आले, ते शेजारधर्मापोटी नव्हे. दूरचित्रवाणी हक्कांच्या कोट्यवधी डॉलरांच्या गणितापोटी. संघ अठरा झाले, दिवस पाचच राहिले आणि पंधरा संघांनाच बोलावण्याचे ठरले. शिक्षेपायी बंदी भोगणारे संघ सोडले, तर प्रत्येक सभासदाला निमंत्रण, ही सत्तर वर्षांची परंपरा एका वेळापत्रकाच्या सोयीसाठी मोडली.

या निर्णयाचे समर्थन करणारे म्हणतील, की सोळा-सतराव्या क्रमांकाचा संघ जिंकण्याची शक्यताच किती? शिवाय वीस सामन्यांत पंधरा पराभव पत्करलेल्या संघाने चार-पाच दिवसांच्या भाग्यावर विजेतेपद मागावे, हा हंगामाचा उपमर्द नव्हे काय? २०२४ चा दहावा संघ आजच्या नियमानेही आत आलाच असता, हेही खरे. हे आक्षेप क्षुल्लक नाहीत. पण त्यांना उत्तर १९७५ च्या सुधारणेतच आहे. पूर्वी दुबळ्याच्या आकस्मिक विजयाने एखाद्या श्रेष्ठ संघाचे सर्वस्व जाई. आता बड्या कॉन्फरन्समध्ये श्रेष्ठांची सोय अगोदरच झालेली असते. फार तर काठावरच्या एखाद्या संघाची जागा जाते. दार उघडे ठेवण्याची किंमत जेव्हा जबर होती, तेव्हा ते उघडे होते. ती नाममात्र उरली, तेव्हा ते बंद झाले. याला न्याय म्हणता येणार नाही. सोयीचीही सबब टिकत नाही. सोळा संघांची साउथईस्टर्न कॉन्फरन्स आपल्या सोळाही संघांना स्पर्धेत खेळविते.

शिवाय काळही असा, की हे दार पूर्वीपेक्षा अधिक गरजेचे व्हावे. २०२१ पासून विद्यार्थी-खेळाडूंना आपल्या नावाचा नि प्रसिद्धीचा मोबदला घेता येऊ लागला. २०२५ च्या जून महिन्यात मान्य झालेल्या न्यायालयीन तडजोडीने तर विद्यापीठांना पहिल्या वर्षी सुमारे दोन कोटी पाच लाख डॉलर्सपर्यंत रक्कम खेळाडूंना थेट देण्याची मुभा मिळाली. खेळाडूंना त्यांच्या घामाचे मोल मिळावे, हे न्याय्यच आहे. परंतु ज्याची थैली मोठी त्याचा संघ बलाढ्य, हा त्याचा अटळ परिणाम होय. गुणवत्तेची बाजारपेठ भरली, की गुणानुक्रमही थोडाफार विकत मिळू लागतो. अशा वेळी गुणानुक्रमाला शेवटचा शब्द मानणे म्हणजे थैलीला शेवटचा शब्द मानणे.

न्यायाचा पहिला धडा गुणवंतांवर अन्याय होऊ देऊ नये, हा आहे. तो या खेळाने १९७४ च्या रात्री शिकून घेतला. दुसरा धडा त्याहून अवघड आहे. जे मागे पडले, त्यांनाही एकदा मैदानात उतरण्याचा हक्क असावा. मग ते पहिल्याच दिवशी हरोत. शेवटच्या तीन संघांना आत घेतल्याने स्पर्धा एखादा दिवस लांबेल आणि चार सामने निरस होतील, एवढेच. ही किंमत द्यावी. ज्या स्पर्धेत गतवर्षीच्या विजेत्याला प्रवेशही मिळत नाही, त्या स्पर्धेने आपण कशासाठी सुरू झालो, हे स्वतःला एकदा विचारले पाहिजे.