नऊशे वर्षं उभं असलेलं लाकूड

बसा रे पोट्टेहो, मांडी घालून बसा. सागाचे ओंडके लादलेले ट्रक बल्लारशाहच्या डेपोकडं जाताना तुम्ही पाहिलेत ना? अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी 2023 मध्ये आपल्याच चंद्रपूरचं सागवान गेलं. आता सांगा, लाकूड टिकतं किती?

शंभर वर्षं म्हणतोस? मग ऐक. युरोपच्या पार उत्तरेला नॉर्वे नावाचा देश आहे. तिथं समुद्र डोंगरांच्या मधून आत घुसतो. त्या लांब, अरुंद खाडीला फ्योर्ड म्हणतात. अशाच एका फ्योर्डच्या काठी उर्नेसचं चर्च आहे. सगळं पाइनच्या लाकडाचं, अन् उभारलं 1130 च्या सुमारास! म्हणजे आपल्या ज्ञानोबा माउलींच्या जन्माआधी जवळपास दीडशे वर्षं.

हे सन कुणी सांगितलं? लाकडानंच. झाड दरवर्षी सालीच्या आतून एक नवं कडं चढवतं. तिकडं उन्हाळा उबदार असला की कडं रुंद, गारठा राहिला की अरुंद. एकाच मुलखातल्या, एकाच जातीच्या झाडांवर ही रुंद-अरुंद कड्यांची ओळ सारखीच उमटते. म्हणून आजच्या झाडाची ओळ जुन्या घराच्या तुळईशी जुळवायची, तिची त्याहून जुन्या खांबाशी, असं करत शेकडो वर्षं मागं जाता येतं. सालीलगतचं शेवटचं कडं हाती लागलं, की झाडावर कुऱ्हाड कधी पडली तेही कळतं. हे शास्त्र विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या अँड्र्यू डग्लस यांनी रुजवलं. ते होते मूळचे खगोलशास्त्रज्ञ! सूर्यावरच्या डागांचा हवामानावर काय परिणाम होतो, ते शोधता शोधता झाडांपाशी पोचले.

आता खरी गंमत. लाकूड म्हातारपणानं मरत नाही, ओलीनं मरतं. ओल मुरली की बुरशी लागते आणि बुरशीच लाकूड खाते. जुने सुतार चर्चचे खांब थेट जमिनीत गाडत. ते बुडातून कुजत. मग कारागीर शहाणे झाले. आधी दगडी पाया, त्यावर आडव्या तुळया आणि तुळयांवर खांब. आपल्या वाड्यातल्या खांबाखाली तळखडा असतो ना, अक्कल तीच. शिवाय पाइनच्या गाभ्यात राळ असते आणि वरून पाइनचंच डांबर फासायचं. अशी हजाराहून जास्त चर्च नॉर्वेत होती असा अंदाज आहे. आज उरलीत 28.

राजे बदलले, पंथ बदलला. 1537 मध्ये नॉर्वे लुथरन झाला. मार्टिन ल्यूथरच्या पंथात प्रवचनाला मोठा मान, म्हणून उर्नेसच्या चर्चमध्ये व्यासपीठ आलं. चर्च मात्र तेच राहिलं. 1881 मध्ये तिथली नेहमीची उपासना थांबली आणि जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेनं ते ताब्यात घेतलं. 1979 मध्ये युनेस्कोनं त्याला जागतिक वारसा ठरवलं.

आपला सागही कमी नाही बरं! उन्हाळ्यात पानं झाडून तो थांबतो, पावसाळ्यात पुन्हा वाढतो. म्हणून त्याचं कडं स्पष्ट दिसतं. उष्ण मुलखातल्या फार थोड्या झाडांची कडी अशी नेमकी मोजता येतात. इकडं कड्याची रुंदी ठरवण्यात पावसाचा मोठा हात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी सागाच्या कड्यांवरून जुन्या पावसाळ्यांचा माग काढला आहे. सागाच्या गाभ्यातल्या द्रव्यांमुळं वाळवीही सहसा त्याच्या वाटेला जात नाही.

तेव्हा पोट्टेहो, पुढच्या वेळी कापलेला ओंडका दिसला, की सालीपासून आत मोजत जा. अरुंद कडं लागलं, तर आजीला विचारा, त्या साली पाऊस रुसला होता का? आणि घराला लाकडी खांब लावाल, तेव्हा त्याचे पाय कोरडे ठेवा.