मागच्या चाकावर किती किलो?

लेखमाला : पिकअपचा संसार – भाग ६

मागच्या भागात पाटे पाहिले. पाट्यांवरचा भार ॲक्सलवर जातो आणि ॲक्सलवरून चाकांवर, म्हणून या आठवड्यात टायर. टायर गोटा झाला की मालक दुकानात जातो आणि पहिला प्रश्न कंपनीचा निघतो : "चांगला कुठला?" दुसरा प्रश्न भावाचा, तिसरा उधारीचा. या सगळ्यांच्या आधी विचारायला हवा असा एक प्रश्न बहुतेक वेळा राहूनच जातो. मागच्या एका चाकावर किती किलो येतात?

हिशेब कागदावर मांडता येतो. समजा, टोमॅटोचे क्रेट भरून नारायणगावहून निघालेल्या पिकअपचं मालासकट वजन ३,४०० किलो आहे. इंजिन पुढे असलं तरी हौदा मागे असतो, त्यामुळे भरलेल्या गाडीचा दोन-तृतीयांश भार मागच्या ॲक्सलवर धरायला हरकत नाही. म्हणजे साधारण २,२६० किलो आणि एका चाकाला १,१३० किलो.

हे वजन रबर पेलत नाही, हवा पेलते. टायर म्हणजे ती हवा कोंडून ठेवणारं भांडं. चाकात ६५ पाउंड हवा असेल, तर दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ४.६ किलोचा दाब मिळतो. ढोबळ हिशेबाने १,१३० किलो पेलायला २४५ चौरस सेंटिमीटर जागा रस्त्याला टेकलेली हवी, म्हणजे जेमतेम सोळा सेंटिमीटर लांब आणि तेवढाच रुंद तुकडा. हवा ४० पाउंडांवर आली की तेच वजन पेलण्यासाठी टायरला चारशे चौरस सेंटिमीटर पसरावं लागतं. टायर बसतो, त्याच्या बाजू प्रत्येक फेऱ्याला जास्त वाकतात आणि वाकून वाकून तापतात. टायर फुटण्याच्या बहुतेक गोष्टी या उष्णतेपाशी सुरू होतात.

किती हवा आणि किती वजन झेपेल, हे टायरच्या बाजूवरच छापलेलं असतं. आकाराच्या पुढे ‘११३/१११ एल’ असं काही दिसेल. त्यातला ११३ हा भारांक. तक्त्यात त्याचा अर्थ १,१५० किलो. तिरक्या रेषेनंतरचा १११ हा जोडचाकांसाठी, त्याचे १,०९० किलो. ‘एल’ म्हणजे ताशी १२० किलोमीटरपर्यंतचा वेग. शंभर भारांकाला ८०० किलो आणि १०८ला १,००० किलो, एवढं लक्षात ठेवलं तरी दुकानात फसगत होत नाही. वरच्या उदाहरणातल्या गाडीला ११३ हा अगदी काठावरचा आकडा झाला. क्रेटच्या चार रांगा वाढल्या की तो संपला.

‘एट प्लाय’, ‘टेन प्लाय’ हे शब्द मात्र जपून ऐकावेत. सुती धाग्यांच्या काळात टायरमध्ये तेवढे थर खरोखर असत. आता ‘८ पीआर’ हा ताकदीचा दर्जा आहे, थरांची मोजणी नव्हे. जास्त प्लायचा टायर घेतला म्हणून गाडीची क्षमताही वाढत नाही, कारण ॲक्सल, ब्रेक, पाटे आणि डिस्क तेच राहतात. डिस्कलाही हवेच्या दाबाची मर्यादा असते. मोटार वाहन कायद्यातल्या २०१९च्या दुरुस्तीनंतर जादा मालाला २०,००० रुपये दंड आणि वर प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये आहेत. काट्यावर उभ्या गाडीचा टायर किती प्लायचा, हे कोणी विचारत नाही.

सर्वांत महागात पडणारी स्वस्ताई म्हणजे प्रवासी गाडीचा टायर मालवाहू गाडीला चढवणं. डिस्क दोन्हीकडे पंधरा इंची, टायर बसतो, हवा धरतो, दिसायलाही रुंद. पण एसयूव्हीसाठी मिळणाऱ्या ‘२१५/७५ आर १५ १००एस’ची ताकद ८०० किलो. दोन चाकांचे १,६०० झाले, गरज २,२६० किलोंची. त्यातही प्रवासी टायर मालवाहू गाडीला वापरायचा असेल, तर अमेरिकेतल्या नियमानुसार त्याच्या छापील क्षमतेला १.१०ने भागून घेतात, म्हणजे ८००चे ७२७च उरतात. म्हणून आकड्यांच्या मागेपुढे ‘एलटी’ किंवा ‘सी’ ही अक्षरं शोधायची. ती हलक्या मालवाहू गाडीच्या टायरची खूण. टाटा एसचा बाराच इंची डिस्कवरचा ‘१४५ आर १२ एलटी’ दिसायला खेळण्यातला वाटतो, पण त्याची बांधणी मालासाठीच असते. आयएसआयचं चिन्हही पाहावं. आपल्याकडे मालवाहू गाड्यांच्या टायरसाठी मानक क्रमांक १५६३६ आहे.

हवा आणि भार यांचं गणित बिघडलं की काय होतं, याचं सर्वांत गाजलेलं उदाहरण अमेरिकेतलं आहे. ऑगस्ट २०००मध्ये फायरस्टोन या टायर कंपनीला सुमारे ६५ लाख टायर परत मागवावे लागले. त्यातले पुष्कळ फोर्ड एक्सप्लोरर या गाडीवर होते आणि एक्सप्लोररची बांधणी फोर्डच्याच रेंजर पिकअपवरून घेतलेली होती. धावत्या गाडीच्या टायरवरून पोलादी पट्ट्यांसकट नक्षीचा थर सुटून येई आणि गाडी उलटे. मृतांचा आकडा अडीचशेच्या पुढे गेला. अपघात टेक्सास, फ्लोरिडा, ॲरिझोना अशा उष्ण राज्यांत अधिक झाले. फोर्डने टायरला दोष दिला. फायरस्टोनने गाडीकडे आणि फोर्डने सुचवलेल्या २६ पाउंड हवेकडे बोट दाखवलं. फायरस्टोनचं म्हणणं ३० पाउंड हवी असं होतं. चार पाउंड ही किरकोळ गोष्ट वाटते. पण हवा कमी म्हणजे तोच टायर पेलू शकेल ते वजनही कमी, आणि उन्हात लांब पल्ल्याला उरलेली थोडी राखीव ताकदही उष्णता खाऊन टाकते. त्याच वर्षी अमेरिकेत टायरसुरक्षेचा नवा कायदा झाला आणि पुढे नव्या गाड्यांत हवा कमी झाल्याची सूचना देणारी यंत्रणा सक्तीची झाली.

आता रस्ता. एकच पिकअप दोन मालकांकडे दोन वेगळे टायर मागते. नाशिकहून समृद्धी महामार्गाने नागपूरकडे जाणाऱ्या गाडीला मालवाहू वाहनाची ताशी ८० किलोमीटरची मर्यादा गाठून तासन् तास न थांबता पळायचं असतं. तिला रेडियल हवा आणि सरळ रेषांची रिब नक्षी हवी. रेडियलच्या बाजू लवचिक असतात, नक्षीचा पट्टा मात्र घट्ट राहतो, त्यामुळे टायर कमी तापतो आणि डिझेलही वाचतं. उसाच्या फडात, खडीच्या वाटेवर किंवा खाणीवर राबणाऱ्या गाडीचं वेगळं. तिथे जाड बाजूंचा नायलॉन अजून टिकून आहे. दगडाचा काप तो सोसतो, वेग कमी असल्याने तापण्याचा प्रश्न येत नाही आणि चिखलात पकड धरायला मागे खोल खाचांची लग नक्षी कामी येते. हाच लग टायर महामार्गावर घातला तर आवाज करतो, तापतो आणि लवकर झिजतो. एका ॲक्सलवर एक रेडियल आणि एक नायलॉन हा प्रकार मात्र कुठल्याच रस्त्यावर चालत नाही.

पिकअपची एक अडचण कारला माहीतच नसते. तिचं वजन दिवसातून दोनदा बदलतं. ओतूरवरून माळशेज घाट उतरून वाशीच्या बाजारात जाताना मागच्या चाकावर हजार किलोंच्या वर असतात. परतताना हौदा रिकामा आणि हवा मात्र भरल्या गाडीची. टायर मधल्या पट्ट्यावरच टेकतो, म्हणून तिथेच झिजतो. पावसाळ्यात घाटाच्या वळणावर हलकं झालेलं मागचं अंग घसरतं ते याचमुळे. कायद्याने नक्षी किमान १.६ मिलिमीटर हवी आणि खाचांमधल्या उंचवट्याच्या खुणा तेवढ्यासाठीच असतात. पण खाचा बुजत आल्या की पाणी बाहेर फेकण्याची ताकद त्या मर्यादेच्या आधीच घटलेली असते. दोनच नवे टायर घ्यायचे असतील तर ते मागे घालावेत, याचंही कारण हेच. पुढचं चाक घसरू लागलं तर स्टिअरिंगवर कळतं, मागचं घसरलं की गाडी आडवी झाल्यावरच समजतं.

एक नंबर मोठा टायर घालण्याचा मोहही पुष्कळांना होतो. २१५/७५ आर १५चा व्यास सुमारे ७०३ मिलिमीटर, २३५/७५ आर १५चा ७३३. फरक चार टक्क्यांचा, पण घाटात तेवढीच ओढ कमी होते, ब्रेकला जास्त जोर लावावा लागतो आणि काटा ६० दाखवत असताना गाडी ६२च्या पुढे असते.

पैसे देण्याआधी बाजूवरचे चार अंक वाचावेत. ‘२३२४’ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. धंद्यात पळणारा टायर म्हातारा होण्याआधी झिजतो, पण हौद्याखाली चिखलात लटकलेली स्टेपनी न झिजता म्हातारी होते. अनेक गाडी कंपन्या सहा वर्षांनंतर टायर बदलायला सांगतात, आणि दहा वर्षांच्या पुढे तर तो वापरूच नये असा सल्ला टायर बनवणारेही देतात. चार टायर घेताना पाचव्याची तारीख पाहणारा मालक विरळा.

भावाची तुलना किलोमीटरवर करावी. समजा, ६,००० रुपयांचा टायर ४०,००० किलोमीटर चालला, तर किलोमीटरला १५ पैसे पडले. ७,५०० रुपयांचा ६०,००० चालला, तर साडेबारा. अर्थात महागडा टायरही एका कडेने खाल्ला गेला तर हा हिशेब कोलमडतो, म्हणून नवे टायर चढवतानाच अलाइनमेंट करून घ्यायची आणि हवा सकाळी, टायर थंड असताना तपासायची. दुपारी तापलेल्या टायरची हवा वाढलेली दिसते. ती कमी करायची नाही, कारण टायर गार झाला की तीच हवा कमी पडते.

पुढच्या भागात : रिमोल्ड. जुन्या टायरवर नवं रबर कधी चढवावं, कुठल्या चाकाला चालतं आणि पुढच्या चाकाला का नको?