तार न दाबता वाजणारी गिटार

जुनी गिटार घ्यायची म्हटलं की जाणकार आधी तिची मान न्याहाळतात: वाकलीय का, फ्रेट झिजलेत का. लॅप स्टील गिटारीला यातलं फारसं काही लागूच होत नाही. ती मांडीवर आडवी घ्यायची, तारांवर पोलादी बार टेकवायचा आणि सरकवायचा. तार खाली दाबायची नसतेच. फ्रेटच्या जागी नुसत्या रेघा! म्हणून ऐंशी वर्षांची गिटारही नवशिक्याच्या हातून सुरेख मींड काढू शकते. मला तर हे दर वेळी नवल वाटतं.

अमेरिकेत अशा जुन्या गिटारी अजून मिळतात, कारण एके काळी त्या घरोघरी होत्या. बारने वाजवण्याच्या या पद्धतीचं श्रेय मुख्यतः हवाईच्या जोसेफ केकुकूला देतात. १९१५ च्या सॅन फ्रान्सिस्कोच्या जागतिक प्रदर्शनानंतर हवाईयन सुरांनी देशाला वेड लावलं. पुढे क्लीव्हलंडची ओआहू कंपनी तर गिटारी आणि धडे दोन्ही विकू लागली.

आणि १९३२ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये रिकनबॅकरची ‘फ्राइंग पॅन’ बाजारात आली. गोल अंग, लांब दांडा, सगळं ओतीव ॲल्युमिनियमचं. विजेवर चालणारी, बाजारात यशस्वी झालेली पहिली गिटार ही मांडीवरची होती! नालेच्या आकाराची दोन चुंबकं आणि त्यांच्या कमानीतून आरपार जाणाऱ्या तारा. त्या पिकअपचा भरदार, गाता आवाज आजही लोक शोधत फिरतात. खोट एकच: रंगमंचावरच्या दिव्यांनी धातू तापून प्रसरण पावे आणि सूर हलत. म्हणून १९३५ मध्ये बेकलाइटची गिटार आली.

नव्या गिटारी बहुधा लाकडी असतात. त्यांच्या खुंट्या हलक्या हाताने फिरतात, वायरिंग खरखरत नाही. जुन्या गिटारीत नेमकं हेच तपासायचं: खुंटी घसरते का, आवाजाचं बटण फिरवताना चरचर होते का, पिकअप जिवंत आहे का. हे ठीक असेल तर मी नवशिक्याला बेधडक जुनी घ्यायला सांगेन.

नवी असो वा जुनी, एक परीक्षा दुकानातच करा. मोकळी तार छेडा, मग बार बरोबर बाराव्या रेघेवर धरून तीच तार पुन्हा छेडा. नेमका वरच्या सप्तकातला तोच स्वर यायला हवा. रेघेपासून बार हलवल्यावरच तो जुळत असेल, तर रेघा किंवा ब्रिज चुकीच्या जागी बसलाय. ती गिटार घेऊ नका; नवशिक्याचा कान अजून तयार व्हायचा असतो, त्याला डोळ्यांचाच आधार असतो.