घरची खतावणी

व्यापाऱ्याच्या मुलास अक्षरांच्या आधी आकडे कळतात, असे आपल्या समाजाविषयी कौतुकाने म्हटले जाते. पेढीवर रोजकीर्द रोजच्या रोज लिहिली जाते, खतावणी जुळविली जाते, दीपावलीस वहीपूजन होते. परंतु याच व्यापाऱ्याच्या घरातील किती प्रौढ माणसांना घरची येणी-देणी ठाऊक असतात, हा प्रश्न आम्ही या स्मरणिकेच्या निमित्ताने बंधुभगिनींपुढे ठेवू इच्छितो.

आमच्या परिचयातील एका आडत दुकानाचे मालक अकस्मात दिवंगत झाले. दुकान नावाजलेले, व्यवहार चोख. पण अर्ध्या गोष्टी त्यांच्या स्मरणात, उरलेल्या मुनीमजींच्या. सुतक फिटले नाही तोच पैसे मागणारे दारी आले. पैसे देणे असलेले मात्र फिरकले नाहीत. ज्या वहिनींनी तीस वर्षे काटकसरीने घर चालविले, त्यांना खाती कोणकोणत्या बँकांत आहेत हेही माहीत नव्हते. दोष त्यांचा नव्हे. शिकविण्याचे राहून गेले ते आम्हा कर्त्या म्हणविणाऱ्या पुरुषांकडून.

म्हणून घरच्या प्रत्येक प्रौढ स्त्री-पुरुषास तीन गोष्टी आल्याच पाहिजेत, असे आमचे मत आहे.

पहिली, घरची यादी करणे. ठेवपावत्या, विमा, समभाग, घर-जमिनीचे उतारे, सोनेनाणे, उधारी व कर्जे यांची नोंद एका वहीत असावी आणि ती कोठे आहे हे निदान दोघांना ठाऊक असावे. गुप्त संकेतांक मात्र तीत लिहू नयेत. दहा वर्षे कोणी न मागितलेली बँकठेव रिझर्व्ह बँकेच्या निधीत जमा होते. ती पुढेही परत मिळू शकते, आणि शोधासाठी 2023 पासून ‘उद्गम’ हे संकेतस्थळही आहे. पण शोधण्याची वेळच का यावी?

दुसरी, नामनिर्देशनाचा अर्थ जाणणे. 1 नोव्हेंबर 2025 पासून बँकेच्या ठेवीस चार व्यक्तींपर्यंत नावे देता येतात. परंतु ज्याचे नाव दिले तो त्या पैशाचा मालक ठरतोच, असे नाही. सामान्यतः तो वारसांच्या वतीने रक्कम स्वीकारणारा विश्वस्त होय. समभागांच्या बाबतीतही सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये हेच सांगितले आहे.

तिसरी, मृत्युपत्र करणे. त्यास मुद्रांक लागत नाही. नोंदणी सक्तीची नाही, पण हितावह आहे. करणाऱ्याची सही आणि दोन साक्षीदारांच्या सह्या अवश्य हव्यात. मृत्युपत्र नसल्यास 1956 चा हिंदू वारसा कायदा आपणा जैनांसही लागू होतो आणि पुरुषाच्या स्वकष्टार्जित मिळकतीत पत्नी, मुलगे, मुली व आई यांना समान वाटा मिळतो. गोव्यातील बंधूंचा कायदा निराळा आहे. तेथे मुलाबाळांचा राखीव हिस्सा मृत्युपत्राने सहसा डावलता येत नाही. म्हणून त्यांनी तेथील जाणत्या वकिलांचा सल्ला घ्यावा.

जिवंतपणी मृत्युपत्राची भाषा अभद्र, असे कोणी म्हणतील. आम्ही त्यांस नम्रपणे विचारतो, बारा भावनांत अनित्य भावना पहिली का बरे? आणि परिग्रह-परिमाण व्रत घेणाऱ्या श्रावकाने शेत, घर, सोने, धन, धान्य यांची मर्यादा बांधावयाची, ती आपल्याजवळ काय आहे हे मोजल्यावाचून कशी बांधता येईल? यादी करणे हा लोभ नव्हे. ती संयमाची पहिली पायरी आहे.

येत्या वहीपूजनाच्या दिवशी पेढीच्या वहीशेजारी घरची वहीही ठेवावी. पूजा आटोपल्यावर पत्नी, मुलगे, मुली व सुना यांना जवळ बसवून ती पानोपान वाचून दाखवावी. पुढील वर्षी त्यांच्याकडूनच ती लिहून घ्यावी. मागे राहणाऱ्यास हिशेब कळणे, हीच कर्त्या माणसाची खरी शिल्लक होय.