झरोका गळतो कोठे? काचेतून नव्हे, सांध्यातून!

मराठवाड्यातील जुन्या माळवदाच्या घरांत उजेडासाठी व धूर जाण्यासाठी छताला भोक ठेवीत. पाऊस आला की वर झाकण ठेवले, काम भागले. आज खुलताबादसारख्या गावांत घरे दाटीने उभी आहेत. त्यामुळे स्लॅबला काचेचा झरोका किंवा पत्र्याच्या शेडला फायबरचा पारदर्शक पत्रा बसविण्याची मागणी असते. मात्र "गळेल का?" ही ग्राहकाची पहिली शंका असते.

काच स्वतः गळत नाही. पाणी शिरते ते चौकट आणि छत यांच्या सांध्यातून. हा सांधा गवंड्याचा की फॅब्रिकेटरचा, हे ठरलेले नसते. पाणी आले की दोघे एकमेकांकडे बोट दाखवितात आणि खाली कपड्याचे गठ्ठे भिजतात. म्हणून काम घेतानाच सांध्याची जबाबदारी कोणाची, हे लिहून घ्यावे.

कारागीर बांधवांनी पुढील गोष्टी पाळाव्यात. भोकाभोवती स्लॅबपासून किमान ६ इंच उंच कठडा बांधावा. वॉटरप्रूफिंग कठड्याच्या मुळाशी न थांबविता गोलाई देऊन वरपर्यंत चढवावे. काच सपाट न ठेवता उतारावर बसवावी आणि चौकट कठड्याच्या बाहेर थोडी झुकती ठेवावी, म्हणजे पाणी बाहेरच टपकेल. खुलताबादेतील मलिक अंबरच्या (मृत्यू १६२६) कबरीचा घुमट पाहा. त्यावर पाणी साचायला जागाच नाही. डोक्यावरची काच लॅमिनेटेड घ्यावी. फुटली तरी तुकडे थराला चिकटून राहतात. पन्हाळी पत्र्यावर स्क्रू उंचवट्यावर, रबरी वॉशरसह मारावा. खोलगट भागात नव्हे.

केवळ सिलिकॉनवर विसंबू नये. ते कालांतराने सुटते. मृगापूर्वी, म्हणजे जूनच्या आरंभी, दरवर्षी सांधे तपासावेत व कचरा काढावा.

थंडीत सकाळी काचेच्या आतून थेंब दिसले, तर ती गळती असेलच असे नाही. घरातील वाफ थंड काचेवर जमते. हवा खेळती ठेवली की ते कमी होते.

काम संपल्यावर ग्राहकासमोर नळीने पाणी सोडावे. खालच्या सांध्यापासून सुरुवात करून हळूहळू वर जावे. कोरडे छत दाखवून घेतलेला मोबदला हीच पुढच्या कामाची जाहिरात होय.