जंतूचं नाव ठरेपर्यंत

मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. अशा दुपारी रावेर-यावलकडून लघवीचा नमुना साध्या पिशवीत निघाला, तर निदान वाटेतच बिघडू शकतं. ई. कोलाय हा जंतू उबेत झपाट्याने वाढतो. पोषक द्रवात २० मिनिटांत दुप्पट होतो. म्हणून नमुना दोन तासांत प्रयोगशाळेत पोचवायचा, नाहीतर थंड डब्यात ठेवायचा. खान्देशच्या उन्हात या नियमाला सवलत नाही.

जळगाव आणि धुळ्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. अशा ठिकाणी सूक्ष्मजीवशास्त्र विभागात जंतूची पहिली ओळख पटते ती स्लाइडवर. हान्स ख्रिस्तियन ग्राम या डॅनिश डॉक्टरने १८८४ साली मांडलेली रंग देण्याची पद्धत आजही वापरात आहे. आधी जांभळा रंग, मग आयोडीन, अल्कोहोल आणि शेवटी लाल सॅफ्रॅनिन. जाड भित्तीचे जंतू जांभळे राहतात. पातळ भित्तीचे तो रंग सोडतात आणि गुलाबी दिसतात. ते गोल आहेत की लांबट, पुंजक्यात आहेत की साखळीत, हेही तिथेच दिसतं.

नाव मात्र कल्चरशिवाय ठरत नाही. ०.००१ मिलिलिटर लघवी लूपने प्लेटवर पसरवून ३७ अंशांच्या इन्क्युबेटरमध्ये रात्रभर ठेवतात. सकाळी शंभर वसाहती मोजल्या, तर एका मिलिलिटरमध्ये एक लाख जंतू होते असा हिशेब. नमुना उन्हात राहिला असेल, तर हाच आकडा खोटा ठरतो.

मॅकॉन्की अगारवर गुलाबी वसाहती दिसल्या की जंतू लॅक्टोज पचवतो हे कळतं. पण ई. कोलाय आणि क्लेबसिएला दोन्ही गुलाबीच. मग इंडोलच्या नळीत कोव्हॅक्सच्या द्रावणाचे थेंब सोडतात. वर लाल कडी उमटली की कौल ई. कोलायकडे झुकतो. सायट्रेटची हिरवी नळी निळी झाली, तर क्लेबसिएलाकडे. एकट्या नळीवर कुणी नाव लिहीत नाही. सगळ्यांची साक्ष जुळावी लागते. मोठ्या प्रयोगशाळांतली माल्डी-टॉफ यंत्रं काही मिनिटांत नाव सांगतात, पण वसाहत वाढवावी लागते ती त्यांनाही.

शेवटी अँटिबायोटिकच्या चकत्या प्लेटवर ठेवतात. चकतीभोवती जंतू न वाढलेलं वर्तुळ मिलिमीटरमध्ये मोजून कोणतं औषध लागू पडेल ते ठरतं. रिपोर्ट हाती यायला दोन-तीन दिवस जातात.

म्हणूनच मेडिकलमधून गोळ्या आणून खाल्ल्यावर तपासणीला येणं महागात पडतं. प्लेटवर काहीच उगवत नाही आणि आजार तसाच राहतो. गंभीर रुग्णाला डॉक्टर रिपोर्टची वाट न पाहता औषध सुरू करतात, ते योग्यच. पण पहिल्या डोसाआधी नमुना घेतलेला असला, तर तेच औषध चालू ठेवायचं की बदलायचं, हे पुढे अंदाजावर सोडावं लागत नाही.