पाटीवरची नावे आणि पाटीबाहेरची

मुंबई इलाख्याच्या १९३० ते १९६० या तीस वर्षांचा मागोवा घेताना एक गोष्ट मनाला सतत सलत राहते. राजकीय कारणाने बळी गेलेल्या माणसांपैकी काहींची नावे रस्त्यांना आणि चौकांना मिळाली, तर काहींची नावे त्यांच्या घरच्यांखेरीज कोणाच्या ओठांवर उरली नाहीत. आणि ही निवड ना त्यांच्या यातनांवरून झाली, ना त्यांच्या निरपराधित्वावरून.

बाबू गेनू सैद हा आंबेगाव तालुक्यातील महाळुंगे पडवळचा, मुंबईच्या गिरणीत राबणारा तरुण. १२ डिसेंबर १९३० रोजी काळबादेवीच्या रस्त्यावर परदेशी कापडाने भरलेली मालमोटार निघाली असता तो तिच्या वाटेत आडवा झाला आणि ती त्याच्या अंगावरून गेली. सरकारदरबारी हा अपघात ठरला; लोकांनी तो खून मानला. बहिष्काराच्या चळवळीचा सारा आशय त्या एका मृत्यूत, भर बाजारात, शेकडो माणसांच्या डोळ्यांदेखत उभा राहिला होता, कारण चाकावर परदेशी कापड होते आणि चाकाखाली देशी गिरणीचा मजूर. शिवाय त्याचा देह खांद्यावर घेऊन त्याचे नाव गावोगाव पोहोचविण्यास काँग्रेससारखी बलाढ्य संघटना सिद्ध होती. त्याच्या धैर्याला यामुळे तिळमात्र उणेपणा येत नाही. मात्र केवळ धैर्यानेच तो अमर झाला असे म्हणणे हा त्याच्यासारख्याच निर्भयपणे मेलेल्या इतरांवर अन्याय होईल.

तो अन्याय १९४६ साली घडला. फेब्रुवारीच्या १८ तारखेस ‘तलवार’ या नाविक तळावर खलाशांनी संप पुकारला, २२ तारखेस गिरणगाव त्यांच्या पाठिंब्यासाठी रस्त्यावर उतरले, आणि पुढच्या दोन दिवसांत लष्कर व पोलीस यांच्या गोळ्यांनी दोनशेहून अधिक नागरिकांचे प्राण घेतले. बाबू गेनूच्याच चाळींतली, त्याच्याच धंद्यातली ही माणसे, आणि त्यांना मारणारी राजवटही तीच. परंतु काँग्रेस व मुस्लिम लीग या दोन्ही पक्षांचे नेते सत्तांतराच्या वाटाघाटींत गुंतले होते, खलाशांनी शरण जावे असा त्यांचाच सल्ला होता, आणि ज्या उठावाला आपण आवर घातला त्यातल्या मृतांना आपले म्हणावे कसे, हा पेच त्यांना सुटण्यासारखा नव्हता. परळच्या गोळीबारात पडलेल्या कमल दोंदे यांचे नाव कम्युनिस्ट कार्यकर्त्यांनी जपले. बाकीचे बहुतेक सारे संख्येत विरून गेले. कुलाब्यास पुढे स्मारक झाले, तेही नाविकांच्या उठावाचे.

याहून अवघड गोष्ट १९४८ ची. गांधीजींच्या हत्येनंतर सातारा, सांगली, कोल्हापूर या मुलुखांत ब्राह्मणांची घरे जाळली गेली, काही ठिकाणी माणसे मारली गेली, आणि कित्येक कुटुंबांनी गाव कायमचे सोडून पुण्या-मुंबईची वाट धरली. मारेकरी त्यांच्या जातीचा होता, एवढाच त्यांचा अपराध. त्यांच्यासाठी रडणे म्हणजे मारेकऱ्याविषयी सहानुभूती दाखविणे, असा अर्थ काढला जाण्याचे भय असल्यामुळे कोणताही प्रमुख पक्ष पुढे आला नाही, आणि जळीतग्रस्तांनी स्वतःही मौनच पत्करले. व्यंकटेश माडगूळकरांनी ‘वावटळ’ लिहिली म्हणून त्या आगीची धग वाङ्मयात तरी उरली. मेलेल्यांच्या नावांची पाटी मी आजवर कोठे पाहिली नाही.

आणि मग संयुक्त महाराष्ट्र. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी फ्लोरा फाउंटनजवळ झालेला गोळीबार आणि मुंबई केंद्रशासित करण्याच्या घोषणेनंतर जानेवारी १९५६ मध्ये शहरभर झालेले गोळीबार यांनी शंभराहून अधिक माणसे मारली. चिंतामणराव देशमुखांनी केंद्रातील अर्थमंत्रिपद सोडताना या गोळीबारांच्या न्यायालयीन चौकशीचा आग्रह धरला होता. ती चौकशी झाली नाही. तरीही हे मृत विसरले गेले नाहीत, कारण त्यांची मागणी जिवंत होती, संयुक्त महाराष्ट्र समितीसारखी संघटना होती, अत्र्यांच्या ‘मराठा’सारखे पत्र होते, आणि १ मे १९६० रोजी ती मागणी राज्य होऊन उभी राहिली. हुतात्मा चौकातील नामावली सावकाश वाचावी: सीताराम बनाजी पवारांच्या पंगतीत तेथे जोसेफ डेव्हिड पेजारकर आहेत आणि चिमणलाल शेठही आहेत. मुंबईचा तो लढा दोन भाषांतील वैर होता असे सांगणाऱ्यास ही दोन नावे पुरेसे उत्तर आहेत. परंतु एवढ्या नावांतील चार तरी तोंडपाठ असणारा माणूस मला क्वचितच भेटला; प्रतीक झाला तो आकडा, माणसे त्या आकड्याआड गेली.

मृताला प्रतीक करतात ते मागे राहिलेले लोक, आणि तेही त्यांना त्या मृत्यूचा काही उपयोग असेल तरच, हे माझे स्पष्ट मत आहे. उपयोगी न पडणारा मृत माणूसही माणूसच होता, एवढे मान्य करण्याची वेळ आता खचित आली आहे. रुग्णालयांच्या नोंदवह्या, पोलिसांचे पंचनामे आणि जिल्हा कचेऱ्यांची दप्तरे यांत जे काही शिल्लक असेल त्यावरून फेब्रुवारी १९४६ च्या व १९४८ च्या मृतांची नामावली शासनाने तयार करून प्रसिद्ध करावी. आणि ज्यांच्या घरात यांतील एखाद्याची आठवण अजून सांगितली जाते, त्यांनी त्याचे नाव, गाव आणि तारीख आजच कागदावर उतरवून ठेवावी.